ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

विडी वळणाऱ्या बाईला ‘कामात रस वाटतो का?’ असं विचारू नये, हे मला पीएचडी होऊन अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

सोलापूरच्या पूर्व भागातली एप्रिलमधली दुपार होती, वीज गेलेली. बाईंच्या मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. माझ्यासोबत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात म्हणून तिला मुद्दाम नेलं होतं. नैराश्य मोजायला जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. तिचा पहिलाच प्रश्न मी वाचला : ‘गेल्या दोन आठवड्यांत कामं करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती दिवस झालं?’ बाईंनी मान वर केली नाही. पान कापता कापताच म्हणाल्या, “विडीत कसला रस, मॅडम? हजार झाल्या की उठायचं.” मग माझा चेहरा पडलेला दिसला असेल. “लिवा तुमाला पायजे ते,” म्हणाल्या.

प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. आता मी शून्य लिहायचं की तीन? तीन लिहिलं तर बाई आजारी ठरायला लागतात, शून्य लिहिलं तर ठणठणीत. मी तो रकाना मोकळा सोडला. तो आजही मोकळाच आहे.

उठताना बाईंनी खुंटीवरची एक प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. दोन वर्षांत काढलेले तीन ईसीजी, साखरेचे रिपोर्ट, चिठ्ठ्या. तिन्ही ईसीजी नॉर्मल. छातीतली धडधड मात्र रोजची, माल द्यायला निघायच्या जरा आधी सुरू होणारी. कुणी शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या, कुणी झोपेच्या. एका डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं, “काही नाही, टेन्शन आहे.” आपल्याकडे ‘टेन्शन’ हे निदानही असतं आणि पेशंटला घरी पाठवायची सोयही.

त्या पिशवीतले कागद आणि माझ्या हातातली प्रश्नावली एका टेबलावर ठेवून दोन्ही नीट वाचता येईल, असं माणूस सोलापुरात तयार होत नाही. डॉक्टर पिशवी वाचतात, आम्ही मानसशास्त्रवाले प्रश्नावली वाचतो. दोन्ही वाचायला शिकणं हे दोन-तीन वर्षांचं काम आहे. पीएचडीत ते होत नाही. पीएचडी झालेल्या माणसाला पगार देऊन, दवाखान्यात बसवून शिकवावं लागतं. त्याला पोस्टडॉक म्हणतात. हा शब्द आपल्याकडे ऐकू येतो तो केमिस्ट्रीची मुलं कोरियाला-जर्मनीला जातात तेव्हा. मानसशास्त्रातला पोस्टडॉक, आणि तोही सोलापुरात, म्हटलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

एक प्राध्यापक मित्र म्हणाले, “मनाचा शरीरावर परिणाम होतो हे सांगायला पोस्टडॉक कशाला? माझ्या आजीलाही ठाऊक होतं.” आजीला ठाऊक होतं हे खरंच. पण किती, कुणाच्या बाबतीत, कोणत्या वाटेने, आणि त्यावर काय केलं तर फरक पडतो, हे आजीला ठाऊक नव्हतं. मोठमोठ्या संशोधकांचाही पाय इथेच घसरलेला आहे. ती हकिगत जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

१९९३ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झटक्यानंतर नैराश्य होतं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट निघालं. हृदयाची अवस्था हिशेबात धरूनही फरक उरला. झालं! सगळ्यांना वाटलं, आता नैराश्यावर उपचार केले की माणसं वाचतील. मग अमेरिकेत एक भलामोठा प्रयोग झाला. झटका येऊन गेलेले, नैराश्य असलेले किंवा कुणाचाच आधार नसलेले २,४८१ रुग्ण घेतले, त्यातल्या निम्म्यांना पद्धतशीर मानसोपचार दिले. २००३ मध्ये निकाल आला. नैराश्य थोडंफार कमी झालं होतं. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र दोन्ही गटांत सारखेच.

म्हणजे काय समजायचं? नैराश्य स्वतःच हृदयाला मारतं, की नैराश्यामुळे गोळ्या चुकतात, चालणं बंद होतं, विडी-सिगरेट वाढते? की ज्यांचं हृदय आतून जास्त खराब झालेलं असतं त्यांनाच नैराश्य येतं आणि आपण सावलीला माणूस समजतो? की मानसोपचार योग्य होता, पण पुरेसा नव्हता? यावर अजून वाद चालू आहेत. ‘मन प्रसन्न तर शरीर निरोगी’ असा फलक लिहिणाऱ्याला या वादाशी देणंघेणं नसतं. सरकारने त्या फलकावर पैसे घालायचे की नाही, हे ज्याला सांगायचं आहे त्याला असतं. आपल्याच आवडत्या समजुतीवर संशय कसा घ्यायचा, हे वर्गात शिकवून येत नाही. ज्यांचे अंदाज चुकलेले आहेत, अशा जाणत्यांच्या शेजारी बसून ते येतं.

आपल्या देशातली गोष्ट जरा आशेची आहे. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर भारतातल्या चार दवाखान्यांत एक प्रयोग झाला, २०२० मध्ये तो छापून आला. तिथे मानसोपचारतज्ज्ञ रोज बसलेले नव्हते. एक प्रशिक्षित समन्वयक रुग्णाशी बोलायचा, साखर, रक्तदाब आणि मन यांची नोंद एकत्र ठेवायचा, आणि तज्ज्ञ ठरावीक दिवशी त्या नोंदी बघून डॉक्टरांना सल्ला द्यायचे. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यावर येऊन शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एखादं तरी सुधारलं, अशांचं प्रमाण या गटात सुमारे ७२ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५७. फरक बरा आहे. पण ते दवाखाने मोठ्या शहरांतले, मधुमेहासाठीच नावाजलेले. आपल्या सिव्हिलच्या ओपीडीत, जिथे डॉक्टरांना एका पेशंटसाठी पाच मिनिटं मिळाली तरी खूप, तिथे हे चालेल का? चालवायचं तर कशात काटछाट करून? याचं उत्तर इथेच शोधावं लागेल, आणि शोधायला इथलंच माणूस लागेल.

पुन्हा त्या नऊ प्रश्नांकडे येते. त्यातले तीन झोप, थकवा आणि भूक यांबद्दल आहेत. साखर वाढलेला माणूस थकलेलाच असतो. रात्री तीनदा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडतेच. हिमोग्लोबिन कमी असलेल्या, दिवसभर पाठ वाकवून बसणाऱ्या बाईला थकवा विचारणं म्हणजे एप्रिलात सोलापूरकराला ‘उकडतंय का’ विचारणं. मग तिचा आकडा वर गेला तर तो नैराश्याचा की रक्तक्षयाचा? हे सोडवायला एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट वाचता आला पाहिजे, थायरॉइड तपासायची कधी ते कळलं पाहिजे, आणि डॉक्टरांना “सर, ही केस माझी नाही, तुमची आहे” असं न घाबरता म्हणता आलं पाहिजे. मानसशास्त्रात एमए आणि पीएचडी केलेल्या आमच्या किती मुली हे करू शकतात? मी शिकवलेल्या तरी नाहीत. त्यात माझाही वाटा आहे.

आणि भाषा. या शहरात माणूस मराठीत बाजार करतो, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो, दखनीत भांडतो. दुखणं मात्र ज्या भाषेत आई दुखणं सांगायची त्याच भाषेत सांगतो. ‘जीव घाबरा होतो’ हे ‘चिंता वाटते’ नव्हे. तेलुगूतली ‘गुंडेदड’ ही अर्धी छातीतली धडधड असते आणि अर्धी धास्ती. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते बोलणारीलाही सांगता येत नाही. ‘डोक्यात मुंग्या’, ‘अंगात आग’, ‘हातपाय गळाले’ यांतलं कुठलं वाक्य न्यूरॉलॉजीच्या दाराशी न्यायचं आणि कुठलं मानसोपचाराच्या, याचा नकाशा कुणी केलेला नाही. २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलं, चांगलं केलं. बारा राज्यं घेतली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे आपल्याकडचं मानसिक आरोग्य आपण मध्य प्रदेश-गुजरातच्या आकड्यांवरून ताडतो.

आता आमच्या घरातलं. मानसशास्त्रातल्या पीएचडीचे विषय आठवून बघा : ‘नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या स्त्रियांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’, ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या अमुक-तमुकचा तुलनात्मक अभ्यास’. वर्गात छापील चाचणी वाटायची, तीनशे कागद गोळा करायचे, दोन गटांच्या सरासरीची तुलना करणारी टी-टेस्ट लावायची, गाईडच्या सहीसाठी फेऱ्या मारायच्या. माझा प्रबंधही याच वळणाचा होता, तेव्हा नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण असे प्रबंध एका दिवसाचं छायाचित्र असतात. एकाच बाईला चार वर्षांत आठ वेळा भेटणं, मध्ये ती गाव सोडून गेली तर तिच्या नसण्याचा हिशेब करणं, तिच्या साखरेची आणि तिच्या घरातल्या भांडणाची रेष एकाच कागदावर काढणं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, कारण आमच्या शिक्षकांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

पीएचडी झाल्यावर पुढे काय, तर सीएचबी. तासिका तत्त्व, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे. माझ्यासोबत त्या दुपारी आलेली विद्यार्थिनी सेट उत्तीर्ण आहे, पीएचडी आहे, दोन कॉलेजांत तासांवर शिकवते. दोन्हीकडचे पैसे वेळेवर येत नाहीत. तिला तेलुगू येतं, मराठी येतं, आकडेवारी माझ्यापेक्षा चांगली येते. अशी माणसं आपण कायम जागा निघायची वाट बघण्यात खर्च करतो. आणि मग म्हणतो की संशोधन होत नाही.

फेलोशिपा नाहीत असं नाही. समाजशास्त्रांच्या संशोधनाची केंद्रीय परिषद, आयसीएसएसआर, पोस्टडॉक्टरल फेलोशिप देते, वैद्यकीय संशोधनाची परिषद, आयसीएमआरही देते. पण या एकेका व्यक्तीला मिळतात. तिने अर्ज करायचा, तिनेच विषय सुचवायचा, दोन वर्षांनी अहवाल द्यायचा आणि निघायचं. मागे काही उरत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, टी-३२ नावाचं अनुदान देतात. ते व्यक्तीला नव्हे, विद्यापीठाला मिळतं. विद्यापीठाने ठरावीक जागा ठेवायच्या, वेगवेगळ्या शाखांचे मार्गदर्शक जमवायचे, माणसं निवडायची, दोन-तीन वर्षं घडवायची आणि पुढच्या तुकडीसाठी तीच घडी चालू ठेवायची. मानसशास्त्र आणि शारीरिक आरोग्य यांना जोडणारी तिथली प्रशिक्षणं बहुतेक याच वाटेने टिकली आहेत. तिथे सगळं छान आहे असं नव्हे. कमी पगारावर वर्षानुवर्षं पोस्टडॉक करत राहणाऱ्यांची रड तिथेही आहे, आणि आपण त्यांची ही खोड उचलली तर सीएचबीलाच नवं नाव दिल्यासारखं होईल. म्हणून तीन वर्षं, एक दिवसही जास्त नाही.

सोलापुरात असलं काही होत नसतं, असं म्हणणाऱ्यांना मी बार्शीला जायला सांगते. सत्तरेक किलोमीटर आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. रुग्ण येईल तेव्हा नोंदवू, असं म्हणून ती माणसं बसली नाहीत. गावोगाव फिरली, लोकांना लक्षणं सांगितली, गावातल्या माणसांशी ओळख ठेवली. त्या पायावर पुढे १९९९ पासून शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेली तपासणी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे त्यातून निघालं, २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं, आणि जगभरच्या तपासणी धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. त्यातल्या एका गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवलं यावर पुढे कडक टीका झाली. मला ती टीका बरोबर वाटते, आणि आमच्या मुलामुलींना संशोधनाची नीती शिकवायची तर याच अभ्यासावर दोन दिवस भांडायला लावावं असंही वाटतं. पण काम या मातीत झालं. ऊस, ज्वारी आणि एसटीच्या वेळापत्रकात झालं.

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं तेच मुळी एका जिल्ह्यासाठी. यावरून तेव्हा आणि नंतरही बरीच थट्टा झाली. मला तर ती सोय वाटते. अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४३ लाख माणसं, एक सरकारी मेडिकल कॉलेज, त्याला जोडलेलं सिव्हिल. एका जिल्ह्याची माणसं वर्षानुवर्षं जवळून पाहायची म्हटलं तर आणखी काय लागतं?

पोस्टडॉकच्या चार जागा मागते. फार नाहीत. प्रत्येकाला दोन मार्गदर्शक, एक मेडिसिनमधला आणि एक मानसशास्त्रातला, दोघांच्याही सह्यांशिवाय काही हलायचं नाही. पहिले सहा महिने एकही प्रश्नावली हातात घ्यायची नाही. ओपीडीत बसायचं, ऐकायचं, डॉक्टर काय विचारतात आणि काय विचारायचं राहतं ते लिहून ठेवायचं. मेडिकलच्या रेसिडेंटांबरोबर रिपोर्ट वाचायचे. एक भाषा नवी शिकायची, मराठीवाल्याने तेलुगू किंवा कन्नड. बाकी आकडेशास्त्र, नीतिसमितीची परवानगी, वगैरे ओघाने येईल.

पैसे? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचा, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकाचा, जो सर्वांत खालचा दर ठरवला तो महिना ५८,००० आहे. चौघांचे वर्षाचे २७ लाख ८४ हजार. घरभाडं धरून पस्तीस लाखांच्या आत. या शहरातल्या चौक-सुशोभीकरणाच्या निविदा जे वाचतात त्यांनी हा आकडा बघून ठरवावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्या एका डॉक्टर विद्यार्थ्याचा आहे. तो म्हणाला, “मॅडम, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्यातल्या जागा आधी भरा. मला संशोधक नको, समुपदेशक द्या. पेशंट आज बसलेत बाहेर.” याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. एकच पगार असेल आणि समुपदेशक की संशोधक असं कुणी विचारलं, तर मीही समुपदेशक म्हणेन. पण ते पैसे एका खिशातले नाहीत. आरोग्य खात्याची रिकामी जागा विद्यापीठाने संशोधक न नेमल्याने भरली जात नाही. गेली कित्येक वर्षं विद्यापीठाने नेमलेला नाही, तरी ती रिकामीच असते. आणि उद्या समुपदेशक आलाच, तर तो त्या बाईंना तेच विचारणार : कामात रस वाटतो का?

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. हे पोस्टडॉक उपचार करणारे नसतील. उपचारासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिचं शिक्षण वेगळं आहे. नावामागे डॉक्टरेट लावून पेशंट बघायला बसलेले आपण पाहतोच आहोत. त्यात भर नको.

आम्ही त्या बाईंकडे नंतर दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला माझ्या विद्यार्थिनीने प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. नुसतं तेलुगूत विचारलं, माल द्यायला निघताना काय होतं? बाई अर्धा तास बोलल्या. माल तपासणाऱ्याने किती विड्या बाजूला काढल्या, त्यावर त्या दिवसाची मजुरी ठरते. आणि घरी जाऊन ती कुणाच्या हातात द्यायची, यावर त्या दिवसाची रात्र. धडधड तिथून सुरू होत होती. ईसीजीत ते यायचं कारण नव्हतं, माझ्या नऊ प्रश्नांतही नव्हतं. अर्थात, तेवढ्यावरून हृदय ठीकच आहे असंही म्हणता येत नाही. त्यांच्या आईला पन्नाशीच्या आत झटका आला होता, हे त्यांनी त्याच अर्ध्या तासात सांगितलं. कुठल्याच चिठ्ठीवर ते नव्हतं.

विद्यार्थिनीने तेव्हापासून एक वही केली आहे. डाव्या पानावर बायकांची वाक्यं, जशीच्या तशी, तेलुगू असेल तर देवनागरीत. उजव्या पानावर त्याच बाईची साखर, रक्तदाब, गोळ्या. एकेचाळीस बायका झाल्या आहेत. नीतिसमितीची परवानगी नाही, म्हणून यातलं काहीही कुठे छापता येणार नाही, हे तिला मीच सांगितलं आणि वही माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. परवानगीसाठी अर्ज करायचा तर तो कुठल्या तरी संस्थेकडून जावा लागतो, आणि तासांवर शिकवणाऱ्या माणसाला संस्था नसते. तिच्या तासिकांची ऑर्डर यंदा जुलैपर्यंत निघेल असं म्हणतात.